सोळावी गादी

२७ तारीख, सोमवार

बालवाडीचा अर्ज भरून आले. ही वही तिथलीच. एक निळी वही देतात, पोर घरी काय जेवलं, किती झोपलं ते रोज दोन ओळींत लिहून शाळेत दाखवायचं. मला चुकून दोन दिल्या. दुसरी परत करायला गेले तर खिडकीतली बाई म्हणाली, "राहू द्या आजी, नोंद झालीय." मग ही माझी. चौथीपर्यंत शिकले आहे. लिहिता येतं, लिहिण्यासारखं काही नव्हतं एवढंच.

अर्ज चार पानी. पोर हाताने जेवतं का. शू सांगतं का. कशाला घाबरतं. दुपारी झोपतं का. तिथे माझं पेन अडलं, तर खिडकीतली बाई म्हणाली, "दिवसभराच्या वर्गाला दुपारची झोप असतेच. सोळा गाद्या आहेत, पंधरा भरल्या. झोपत नसेल तर अर्ध्या दिवसाचा वर्ग. साडेअकराला घेऊन जायचं."

साडेअकराला नेऊन कुठे ठेवू, इस्त्रीच्या टेबलाखाली? लिहिलं, झोपते. दोन तास.

मुंगी मुलीची मुलगी, साडेतीन वर्षांची. खरं नाव लांबलचक आहे. घरात मुंगीच म्हणतो, कारण कशाला तरी चिकटल्याशिवाय ती चालत नाही. हल्ली माझ्या स्वेटरला. डाव्या बाजूने स्वेटर गुडघ्यापर्यंत ओघळलाय.

आईचं नाव, असा चौकोन होता. लिहिलं. आईचा व्यवसाय. शिवणकाम लिहिलं. मुलगी जाऊन पाच महिने झाले. ते लिहायला चौकोन नव्हता.

३१ तारीख, शुक्रवार

फाटकावर यादी लागली. आधी ज्यांची भावंडं शाळेत आहेत ती पोरं, मग जवळच्या गल्ल्यांतली, मग ज्यांच्या घरी सगळे कामाला जातात ती. मुंगी सोळावी, शेवटची. नावापुढे लिहिलंय, रुळल्यास कायम. खाली वाट बघणाऱ्यांची यादी. तिच्यात पहिली बेकरीवालीची पोरगी. बेकरीवाली माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिच्या भट्टीवर पाय ठेवलाय.

मोठ्या बाईंनी सगळ्यांना अंगणात उभं करून समजावलं. मोठ्या बाई म्हणजे शाळा ज्यांची त्या. तीन आठवडे रुळायचे. पहिल्या आठवड्यात घरचं माणूस वर्गात बसणार. दुसऱ्यात दाराशी. तिसऱ्यात नाहीच. तिसऱ्या शुक्रवारी ठरणार. मी इस्त्री करते त्या दुकानाच्या मालकानेही तेवढेच दिवस सवलत दिलीय. त्यानंतर माझी इस्त्री दुसरी बाई धरेल.

जावई आज घरी होते. ट्रक चालवतात, आठवड्यातून दीड दिवस असतात. यादीचं सांगितलं तर "बरं झालं आई" म्हणाले. मग बुटांकडे बघत म्हणाले, "तिला आई दवाखान्यात आहे म्हणून किती दिवस सांगायचं?"

"तुम्ही सांगा मग. बाप आहात."

त्यांनी ट्रकची हवा बघायला जायचं काढलं.

३ तारीख, सोमवार

पहिला दिवस. मोठ्या माणसांनाही त्याच खुर्च्या, वीतभर उंचीच्या. गुडघे कानाला लागले. शेजारी एक म्हातारा, नातवाला घेऊन आलेला. निवृत्त पोस्टमन. बसल्या बसल्या म्हणाला, "यातून उठवायला शाळेने क्रेन ठेवली असेल ना?" मी म्हटलं, "तुम्हाला उठवायची गरज काय, इथेच फर्निचर म्हणून ठेवतील."

वर्गाच्या बाई तरुण आहेत. पोरं त्यांना ताई म्हणतात. त्यांनी एक नियम सांगितला तो मला पटला नाही. पोराला सांगितल्याशिवाय कुणी जायचं नाही. दारात उभं राहायचं, जाते म्हणायचं, कधी येणार ते सांगायचं, आणि जायचं. रडलं तरी चालेल म्हणे.

म्हणजे गप्प बसलेल्या पोराला मुद्दाम रडवायचं. त्यांना पगार मिळतो त्याचा.

निळ्या वहीत लिहिलं: भात, केळं. झोपली दोन तास.

खरं हे की दुपारी ती पाच महिन्यांत झोपलेली नाही. सोफ्यावर माझ्या शेजारी बसते आणि बघते. मी डुलकी घेतली तर माझी पापणी वर करते.

५ तारीख, बुधवार

मी वाट बघत होते, आज तरी पाटी काढतील. नाही. आज बाहुल्यांचे कपडे धुणं होतं. चार टबं, बोटभर साबण, पोरं कोपरापर्यंत ओली. बाईंना विचारलं, अक्षरं कधी? त्या म्हणाल्या, "कपडा पिळला की बोटांत जोर येतो आजी. जोर आला की पेन्सिल धरता येते. अक्षरं मोठ्या गटात."

ठीक आहे. पण पिळायला शिकवायचं तर नीट शिकवा. सगळी पोरं कपडा मुठीत दाबत होती. मी उठले (क्रेन नव्हती) आणि दाखवलं. एक टोक असं, दुसरं टोक उलट, मग पीळ. पोरं माझ्याभोवती. पोस्टमन म्हणाला, "बाई, यांनाच ठेवून घ्या." बाई हसल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर वाचलं. "बुधवार: पिळणे, आजींकडून."

मुंगीने पिळलं. एका हाताने. दुसरा माझ्या स्वेटरवर होता.

७ तारीख, शुक्रवार

पोस्टमनचा नातू रुळला. पाचव्या दिवशी. आजोबांना दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बाय, आता जा ना." म्हातारा फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, "एवढं लवकर नको होतं हो." माणसांना काय हवं असतं ते त्यांनाही ठाऊक नसतं.

बाईंनी विचारलं, "मुंगीच्या आईला एकदा यायला जमेल का? भेट झाली तर बरं." मी म्हटलं, ती कामात असते.

पटकन तोंडातून गेलं. वाईट वाटलं नाही. हल्ली काहीच वाटत नाही, चांगलं नाही की वाईट नाही. पाय बधिर झाला की टाचणी टोचली तरी कळत नाही, तसं. टोचत असेल.

१० तारीख, सोमवार

आजपासून दुपारची झोप. जेवण झालं की टेबलं भिंतीला, सोळा गाद्या दोन ओळींत. प्रत्येक गादीवर चित्र शिवलेलं, कारण पोरांना नावं वाचता येत नाहीत. मुंगीची भिंतीकडची, छत्रीची. पडदे ओढले. बाईंनी हळू आवाजात काहीतरी म्हटलं, गाणंही नाही आणि बोलणंही नाही, आणि वीस मिनिटांत पंधरा पोरं गार. मी इस्त्रीच्या धंद्यात पन्नास वर्षं आहे, एवढं सफाईचं काम कमी बघितलंय.

सोळावं पोर डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होतं. माझी खुर्ची दाराशी.

मग मला जाग आली. बाई खांद्याला हात लावत होत्या. "आजी, घोरताय." मुंगी गादीवर उठून बसलेली, माझ्यावरून नजर न काढता.

निळ्या वहीत: झोपली. कोण ते लिहिलं नाही.

११ तारीख, मंगळवार

बाईंनी निळी वही पुढे केली. "घरी रोज दोन तास झोपते असं लिहिलंय. मग इथे का नाही?"

"जागा नवीन आहे."

"आणि तुमच्या मागे शू करायलासुद्धा येते. तुम्ही उठलात की ती उठते."

"लळा आहे."

बाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली. ही बाई बोलत नाही तेव्हा जास्त त्रास देते.

मालकाचा निरोप आला. हॉटेलचं काम मिळालंय, चादरींचा ढीग पडलाय, दुपारी दोन तास तरी या.

१३ तारीख, गुरुवार

आज केलं ते लिहून ठेवते.

दीड वाजता मुंगीचे डोळे मिटले. मी शंभर मोजले. उघडले नाहीत. बाई शेजारच्या खोलीत एका पोराचे कपडे बदलत होत्या. मी बूट काढून हातात घेतले आणि बाहेर पडले. फाटकाबाहेर घातले. दुकानात सव्वीस चादरी केल्या. हात हलका चालला. कुणी धरलेलं नव्हतं.

चारला आले तर मुंगी दारात उभी. दीडलाच उठली म्हणे. मी फाटक लावलं त्याच आवाजाने असेल. तेव्हापासून उभी. बसली नाही, पाणी घेतलं नाही, रडलीही नाही. चड्डी ओली झाली तीही बदलू दिली नाही.

बाईंचा चेहरा लाल. "मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"झोप लागली होती हो तिला. उठवून रडवायची का?"

"हो. उठवायची. उठवून सांगायचं, मी जाते, चारला येते."

"झोपलेलं पोर उठवत नाहीत."

"कोण उठवत नाही?"

मी. मी उठवत नाही. माझ्या मुलीलाही हेच सांगितलं होतं. दुपारची वेळ, रिक्षा दारात, पोटात दुखतंय म्हणून नुसतं दाखवायला चालली होती. मुंगीचा पापा घ्यायला वाकली तर मी म्हटलं, उठवू नकोस, मागे लागेल, चपला हातात घे आणि जा. तिने चपला हातात घेतल्या. मग दवाखान्यातून दवाखान्यात हलवलं, आणि नवव्या दिवशी संपलं.

हे बाईंना सांगितलं नाही. मुंगीला उचलून घरी आणलं. चड्डी धुतली.

१४ तारीख, शुक्रवार

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. मुंगी बाकावर, मला चिकटून. वर्गाच्या बाई तिला बाहेर वाळूत घेऊन जायला आल्या तर गेली नाही, मग दार उघडं ठेवून दारातच वाळूची बादली आणून दिली.

मोठ्या बाई हळू बोलल्या. "काल ती तास-दीड तास काहीच बोलली नाही. मग ताईंना म्हणाली, मी झोपले म्हणून आजी गेली. ताई म्हणाल्या, आजी येईल. तर म्हणाली, आईपण मी झोपले म्हणून गेली."

मी म्हटलं, "पोरं काहीही बोलतात."

"आई कुठे आहे, आजी?"

खिडकीतून फाटक दिसत होतं. बेकरीवाली पावांच्या टोपल्या उतरवत होती. सहा टोपल्या.

"नाही ती," मी म्हटलं. "पाच महिने झाले."

मोठ्या बाईंनी अर्ज काढला. बघितला. "इथे तर..."

"चौकोन होता. भरला."

त्यांनी मला पाणी दिलं. मला तहान नव्हती, प्यायले. मग त्यांनी सरळ सांगितलं, आणि सरळ बोललेलं मला चालतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुंगीने घरच्या माणसाशिवाय दिवस काढायला हवा. झोप नाही लागली तरी चालेल, गादीवर आडवं पडायला हवं, कारण एक पोर दारात उभं राहिलं तर वर्गाच्या बाई त्याच्यापाशी अडकतात आणि पंधरा पोरांपाशी कुणी उरत नाही. नाही जमलं तर अर्धा दिवस, आणि गादी बेकरीच्या मुलीला.

"आणि तिला खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही किंवा वडिलांनी. तिने आम्हाला विचारलं तर आम्ही खोटं बोलणार नाही."

"साडेतीन वर्षांचं पोर. काय कळतं?"

"तिला काय कळलंय ते आत्ता सांगितलं ना मी."

घरी येताना मुंगीने विचारलं, "मोठ्या बाई रागावल्या?" मी म्हटलं, हो, मला. तिने मान हलवली, रागावण्यासारखंच आहे अशी.

१६ तारीख, रविवार

जावई आले होते. मी म्हटलं, आज सांगायचंय. सकाळी ते मुंगीला मांडीवर घेऊन बसले. "मुंगे, आई ना," म्हणाले, आणि मग स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून तो दुरुस्त करायला गेले. दुपारी पुन्हा बसले. "तुझी आई ना बाळा," आणि उठून पान्हा शोधायला लागले. नळ आता एकदम छान चालतो.

शेवटी मी घेतलं. वाळलेले मोजे जोडत होते, मुंगी जोड्या शोधून देत होती. हातांना काम असलं की मला बोलता येतं.

"मुंगे, आई मेली."

तिने एक मोजा दिला. त्याचा जोडीदार नव्हता तो.

"दवाखान्यात आहे," ती म्हणाली.

"होती. पोटात आजार होता. डॉक्टरांनी खूप केलं, बरा झाला नाही. मेली. आता ती दवाखान्यात नाही, कुठेच नाही. येणार नाही."

"मी झोपले होते."

"झोपली होतीस. झोपायचीच वेळ होती. तू झोपलीस म्हणून ती गेली नाही. जागी असतीस तरी गेली असती, दुखत होतं तिला. तुला उठवणार होती. मी म्हटलं उठवू नको. माझं चुकलं ते."

जावई दारात पान्हा घेऊन उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, दोन माणसांकडे एकदम बघणं मला जमलं नसतं.

मुंगीने बराच वेळ मोजे बघितले. मग म्हणाली, "तू चुकलीस."

"हो."

"मग सॉरी म्हण."

म्हटलं. जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर दोन-चारदा म्हणायला हवं होतं.

१७ तारीख, सोमवार

दारात सांगितलं, "जाते. चारला येते." मुंगी जोरात रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. फाटकापर्यंत ऐकू येत होतं, कोपऱ्यापर्यंतसुद्धा. पोस्टमन वाटेत भेटला, नातवाला सोडून परत चालला होता. म्हणाला, "कळलं मला तुमच्या मुलीचं. फार वाईट..." मी म्हटलं, "कामाला उशीर होतोय." तो दुकानापर्यंत बरोबर चालला. बोलला असता तर परवडलं असतं.

चारला गेले. बाई म्हणाल्या, दहा मिनिटं रडली, मग वाळूत गेली. जेवली. गादीवर बसून राहिली, आडवी नाही झाली.

मुंगी मला म्हणाली, "आलीस."

"म्हटलं होतं ना."

१९ तारीख, बुधवार

काल बसून, आजही बसून. पण आज बूट काढून बसली. बाईंनी हे मला अशा आवाजात सांगितलं जसं पोर वकील झालंय. निळ्या वहीत मी आज लिहिलं: दुपारी झोपत नाही. याआधीही झोपत नव्हती. आधीचं खोटं लिहिलं होतं. बाईंनी खाली लाल पेनने बरोबरची खूण केली.

बेकरीवाली फाटकाशी आडवी आली. "तुमचं ठरलं का हो? माझी पोरगी तिकडे भट्टीजवळ खेळते, जीव टांगणीला असतो." तिचंही खरंच आहे. मी म्हटलं, शुक्रवारी. तिने मला पाव दिला. मी घेतला. का घेतला ठाऊक नाही.

२१ तारीख, शुक्रवार

सकाळी दारात मी म्हटलं, "जाते. चारला येते." मुंगीने स्वेटर सोडला नाही.

"आजी, तू मरणार आहेस?"

मागे सगळ्या आया उभ्या. बेकरीवालीही होती, निकाल ऐकायला लवकर आलेली. एकजण खोकली. बाई मुंगीसमोर बसायला लागल्या, मी हाताने थांबवलं.

"मरणार. सगळेच मरतात."

"आज?"

"आज नाही. आज हॉटेलच्या चादरी आल्यात."

तिने विचार केला. "उद्या?"

"उद्या शनिवार. अर्धा दिवस दुकान. वेळ कुठाय."

"पण कधीतरी?"

"कधीतरी. दुखलं तर तुला सांगेन. झोपली असलीस तर उठवून सांगेन."

तिने स्वेटर सोडला. एकेक बोट. "मग जा," म्हणाली.

दिवसभर चादरी. मालकाने विचारलं, सोमवारपासून पक्कं का? मी म्हटलं, चारला कळेल. दोन उशांचे अभ्रे उलटे इस्त्री केले. तेही चारनंतर कळलं.

चारला वर्गात अंधारच होता. पडदे ओढलेले. बाकीच्या गाद्या उचललेल्या, एक भिंतीकडे तशीच. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. मुंगी पालथी, गाल गादीवर चेपलेला, लाळ गळालेली. "तीनपर्यंत आडवी पडून छताकडे बघत होती," बाई कुजबुजल्या. "मग लागली."

मी खाली बसले. खालीच, खुर्चीवर नाही.

मोठ्या बाई दारात आल्या आणि मान हलवली. "कायमच्या कागदावर दोन सह्या लागतील आजी. ऑफिसात या." ऑफिस समोरच, मध्ये दहा पावलांचा व्हरांडा. मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"मुंगे." हलवलं तिला. "मुंगे, ऊठ."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, अहो, आता कुठे लागली होती."

"तुम्हीच म्हणालात उठवायची." मुंगीने एक डोळा उघडला. "मी समोर ऑफिसात जाते. सह्या करते, लगेच येते."

"किती सह्या?"

"दोन."

"बरं," म्हणाली आणि कूस बदलली.

सह्या केल्या. मोठ्या बाईंनी नवा अर्ज पुढे केला होता, त्यात आईच्या चौकोनात त्यांनीच आधी एक रेघ मारून ठेवली होती. बाहेर बेकरीवाली उभी होती. मोठ्या बाई तिला म्हणाल्या, अर्ध्या दिवसाच्या वर्गात जागा आहे, दिवसभराचं बघू, पुढच्या महिन्यात एक कुटुंब गाव सोडतंय. ती मान हलवून भट्टीकडे निघाली. मी वर्गाकडे वळले.

परत आले तर मुंगी पुन्हा गाढ. पाच वाजले. बाकीची सगळी पोरं गेली. बाई म्हणाल्या, "उठवू या का आता? झाडून बंद करायचंय."

"तुम्ही झाडा," मी म्हटलं. "आम्ही बसतो."

बसल्या बसल्या वाटलं, आता रडू येईल. थांबले. आलं नाही. झाडू आमच्यापर्यंत आला तेव्हा पाय उचलले.